जुनापाणीची शिलावर्तुळे : कोणी मांडली, कशासाठी मांडली?

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला निफाड, येवला, चांदवड, सिन्नर या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे नागपूरला जातात. दीक्षाभूमीचे दर्शन होते, पुस्तकांच्या दुकानांतून पिशव्या भरतात, जुन्या ओळखीच्यांच्या भेटी होतात आणि मंडळी परतीची गाडी धरतात. त्याच नागपूर शहराच्या वायव्येस, काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याला, दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी नावाचे ठिकाण आहे. तेथील माळावर काळ्या दगडांची रिंगणे पसरलेली आहेत. त्यांची संख्या तीनशेच्या घरात सांगितली जाते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असलेले हे स्थळ आहे. पण तेथे मूर्ती नाही, शिलालेख नाही, छत नाही, पायरी नाही. कोरीव काम म्हणावे तर काही मोजक्या दगडांवर ठोकून केलेले लहान लहान खळगे. त्यामुळे तेथे फारसे कोणी थांबत नाही, आणि जो थांबतो त्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की हे दगड कोणी मांडले आणि कशासाठी.

या प्रश्नाची आजवर जी उत्तरे दिली गेली त्यांतील कोणते उत्तर कितपत टिकते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. त्यामागे आणखी एक कारण आहे. ही वर्तुळे म्हणजे मुळात बौद्ध स्तूपच होत, असे अलीकडे आपल्यातील काही जण उत्साहाने सांगू लागले आहेत. हे विधान आपल्या परंपरेशी निगडित असल्यामुळे ते इतरांपेक्षा आपणच अधिक काटेकोरपणे तपासले पाहिजे.

प्रथम नावांविषयी. मोठे, अनघड किंवा अर्धघडीव दगड वापरून केलेल्या प्राचीन रचनांना अभ्यासक महापाषाणीय रचना म्हणतात. त्यांचे प्रकार अनेक आहेत. एकटा उभा केलेला उंच दगड हा एक प्रकार. चार दगडांवर आडवी शिळा ठेवून केलेली खोली हा दुसरा. दगडांचे रिंगण हा तिसरा, आणि विदर्भात मुख्यत्वे हाच आढळतो. उंच उभ्या दगडांचे वैभव पाहायचे असेल तर तेलंगणातील कृष्णाकाठच्या मुडुमल येथे जावे लागेल. तेथे पुरुषभर उंचीच्या दुपटीपर्यंत जाणाऱ्या कितीतरी शिळा उभ्या आहेत आणि २०२५ साली त्या स्थळाचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. विदर्भातील दगड तसे उंच नाहीत. ते बहुधा बसाल्टचे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे, जाडजूड गोटे आहेत. कोठे गुडघाभर, कोठे कंबरेएवढे. ते एकमेकांना चिकटून किंवा थोड्या अंतराने गोलाकार मांडलेले असतात. रिंगणाचा व्यास कोठे पाच-सहा मीटर, कोठे त्याच्या दुपटी-तिपटीने असतो. आतली जागा दगडगोटे व माती यांनी भरून किंचित उंचवलेली असते.

या रिंगणांकडे लिखित अभ्यासाची नजर प्रथम वळली ती एकोणिसाव्या शतकात. नागपूर प्रांतात नेमणुकीस असलेले जे. एच. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ च्या सुमारास जुनापाणी येथे खोदकाम केले आणि पुढे १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मध्य भारतातील या अवशेषांवर लेख प्रसिद्ध केला. दगडांवरील खळग्यांनी त्यांचे कुतूहल विशेष चाळवले होते, कारण तसेच खळगे इंग्लंड-स्कॉटलंडमधील प्राचीन दगडांवरही आढळतात. त्या काळच्या विचारपद्धतीला अनुसरून त्यांनी या साम्यातून एकाच मूळच्या लोकांच्या स्थलांतराची कल्पना मांडली. आज ती कोणी स्वीकारत नाही. दगडावर दगड आपटला की खळगाच होतो. ते कौशल्य शिकण्यासाठी कोणाला समुद्र ओलांडावा लागत नाही. परंतु एवढे खरे की, त्यांनी नोंदी केल्या नसत्या तर पुढील पिढ्यांना या स्थळाकडे वळायला बराच उशीर झाला असता.

स्वातंत्र्यानंतर काम शास्त्रशुद्ध रीतीने सुरू झाले. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी जुनापाणी येथे उत्खनन केले. त्यानंतर नागपूर विद्यापीठ, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्र शासनाचा पुरातत्त्व विभाग यांच्याकडून टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड, भागीमोहारी अशा स्थळांवर खोदकामे झाली. या साऱ्यांत शां. भा. देव यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया यांच्यासोबत आपल्या नाशिकच्या गोदाकाठच्या पांढरीवर उत्खनन करणारे देव ते हेच. नाशिक आणि विदर्भ या दोन्ही भूमींच्या पोटात काय दडले आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असा अभ्यासक विरळा.

खोदल्यावर मिळाले काय? रिंगणाच्या आत, दगडगोट्यांच्या भरावाखाली आणि काळ्या चिकणमातीच्या थरात माणसांच्या हाडांचे अवशेष मिळाले. पुष्कळदा ते अपुरे आणि तुटक होते. सोबत काळ्या-तांबड्या रंगाची मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, तांब्याच्या बांगड्या आणि कार्नेलियनचे मणी होते. काही ठिकाणी घोड्याची हाडे आढळली, घोड्याच्या तोंडात घालावयाचे लगामाचे लोखंडी भाग आढळले, आणि माहुरझरीसारख्या स्थळी घोड्याच्या मस्तकावर बांधावयाचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही मिळाले. तेथील घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणा दिसल्यामुळे मालकाच्या मृत्यूनंतर त्याचा घोडाही मारून सोबत पुरला जात असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे हे लोक लोखंड नुसते वापरत नव्हते, ते स्वतः तयार करीत होते. विदर्भातील या संस्कृतीचा काळ साधारणपणे इ. स. पूर्व १००० ते ३०० असा धरला जातो. टाकळघाट-खापा आणि नायकुंड येथील अवशेष त्यांतील सातव्या-सहाव्या शतकांच्या आसपासचे आहेत. मगध-कोसलात तथागत चारिका करीत होते, त्या शतकांत नागपूरच्या आसमंतात ही रिंगणे मांडली जात होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. दोन्ही गोष्टी एका काळात घडत असल्या, तरी त्यांची परस्परांशी भेट झाल्याचा पुरावा मात्र या दगडांत नाही.

तेव्हा पहिले उत्तर निर्विवाद आहे : ही दफनस्थळे आहेत. टाकळघाट-खापा येथे तर वस्तीची पांढर एका बाजूला आणि दगडांची रिंगणे दुसऱ्या बाजूला अशी विभागणी स्पष्ट दिसते. जिवंतांची घरे माती-कुडाची आणि मृतांची जागा दगडाची. घरे पडून गेली, दगड राहिले.

मात्र ‘दफनस्थळ’ हा शब्द उच्चारल्याने प्रश्न संपत नाही. मृताला पुरायचेच असेल तर खड्डा पुरेसा आहे. त्याभोवती दहा-वीस जणांनी मिळून हलवावे लागतील असे गोटे गोलाकार मांडण्याचे कारण काय? शिवाय हाडे तुटपुंजी का? एक शक्यता अशी की देह प्रथम अन्यत्र ठेवला जाई आणि कालांतराने त्यातील निवडक अस्थी येथे आणून विधिपूर्वक पुरल्या जात. दुसरी शक्यता साधी आहे. अडीच-तीन हजार पावसाळ्यांनी हाडे झिजवली. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पहिली शक्यता खरी असेल तर मृत्यूचा दिवस आणि दगड मांडण्याचा दिवस यांत महिन्यांचे किंवा वर्षांचे अंतर पडत असणार, आणि दगड मांडणे हा शोकाचा भाग न राहता सोयरे-धायरे जमवून, अन्नपाण्याची तयारी करून साजरा करावयाचा सोहळा होत असणार.

ही केवळ कल्पना नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडचा परिसर आणि लगतचा बस्तर येथील माडिया समाजात मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची प्रथा आजही आहे. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या बस्तरच्या माडियांवरील ग्रंथात आणि पुढे व्हेरियर एल्विन यांनी तिचे वर्णन केले आहे. या दगडाला उरसकल असे नाव आहे. तो गावकऱ्यांनी मिळून आणावयाचा असतो आणि त्यानिमित्त नातेवाइकांचे एकत्र येणे होते. मेघालयातील खासी व जैंतिया समाजांतही अशीच परंपरा होती. नार्तियांग येथील शिलासमूह हे तिचे ठळक उदाहरण. तेथील उभे दगड पुरुषांचे आणि आडव्या शिळा स्त्रियांच्या मानल्या जातात. या दगडांपाशी बाजार भरत, लोक विसावत. एकाच दगडाने किती कामे करावीत याचा हा नमुना आहे : पूर्वजाचे स्मरण, कुळाची खूण, बसण्याची जागा आणि चार गावांची भेट.

एका दगडाला एकच हेतू असतो हा आपला ग्रह आपण आपल्याच इतिहासावरूनही तपासू शकतो. भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने १८१८ च्या लढाईनंतर स्वतःच्या सैन्याच्या गौरवासाठी उभारला. पुढे १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्या दगडाचा अर्थ आपल्यासाठी कायमचा बदलला. दगड तोच, त्यावरील नावे तीच, पण उभारणाऱ्याचा हेतू आणि आज तेथे जाणाऱ्याचा हेतू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे बदललेले प्रयोजन आपल्याला ठाऊक आहे, कारण ते लिहून ठेवलेले आहे. जुनापाणीच्या दगडांची प्रयोजने सात-आठ शतकांत किती वेळा बदलली असतील, हे सांगणारा कागद कोणाकडेच नाही.

आता त्या खळग्यांकडे येऊ, कारण सर्वाधिक चर्चा त्यांचीच होते. बसाल्ट हा कठीण दगड. त्यावर सुपारीएवढा खळगा पाडायलाही चिकाटीने ठोकत बसावे लागते. जुनापाणीला रिंगणातील थोड्याच दगडांवर असे खळगे आहेत आणि ते पुष्कळदा ओळींत मांडलेले आहेत. तेव्हा ते सहज, वेळ घालवायला केलेले नाहीत. मोजणीसाठी असतील काय? पिढ्यांची किंवा पुरलेल्या माणसांची संख्या असेल काय? पूजाविधीत त्यांत काही ओतले जात असेल काय? हे सर्व तर्क आहेत आणि प्रत्येकाला समर्थक मिळतो.

गेल्या काही वर्षांत यात एक नवा आणि विचार करायला लावणारा तर्क पुढे आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, खळगे असलेले दगड रिंगणाच्या केंद्रापासून पाहता कोठेही आलेले नसून ठरावीक दिशांना आहेत आणि त्या दिशांचा संबंध आकाशातील घटनांशी असू शकतो. हा मुद्दा समजून घेण्यासाठी थोडे भूगोलाकडे वळले पाहिजे. सूर्य वर्षभर नेमका पूर्वेला उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलाला सांगायला नको. उन्हाळ्यात तो ईशान्येकडे सरकतो, हिवाळ्यात आग्नेयेकडे. नागपूर २१ अक्षांशावर आणि निफाड २० अक्षांशावर आहे. या दोन्ही ठिकाणी २१ जूनच्या सुमारास सूर्य पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारे २५ अंशांवर आणि २२ डिसेंबरच्या सुमारास तितकाच दक्षिणेस उगवतो. म्हणजे वर्षभरात क्षितिजावर सूर्योदयाची जागा सुमारे ५० अंशांचा फेरा करते. एक खुंटी आणि काही दगड एवढ्या साहित्यावर, तारखांचा हिशोब न ठेवताही, पेरणीचे दिवस जवळ आले की नाही हे वाचता येते. आपल्या शाळेच्या मैदानावर विद्यार्थी हा प्रयोग एका वर्षात पूर्ण करू शकतात; खर्च शून्य, फक्त पहाटे उठण्याची सवय हवी, आणि वसतिगृहातील मुलांना ती असतेच.

तथापि येथे सावधगिरी हवी. रिंगण म्हटले की चहूबाजूंना दगड आलेच. केंद्रात उभे राहून जून महिन्यातील सूर्योदयाकडे पाहिले तर त्या दिशेला कोणता ना कोणता दगड सापडणारच. त्यावरून ते पंचांग ठरत नाही. पंढरपूरच्या दिशेलाही एखादा सापडेल. वाहियांचा मुद्दा त्याहून अधिक वजनाचा आहे तो एवढ्यासाठी की, त्यांनी सर्व दगड न धरता फक्त खळगे असलेले दगड निवडले आणि निरनिराळ्या रिंगणांत त्याच त्या दिशा पुन्हा येतात काय, हे पाहिले. तीच खरी कसोटी. माझ्या मते ती अर्धी उतरली आहे. दिशांची निवड सहेतुक असावी असे मानायला जागा आहे, परंतु असे दगड संख्येने थोडे आहेत, आणि दिशा सहेतुक असली म्हणजे ती आकाशासाठीच असते असेही नाही. आजही मृताचे डोके कोणत्या दिशेला ठेवावे याचे नियम घराघरांत पाळले जातात. त्यामागे खगोलशास्त्र नसते. मुडुमलच्या एका शिळेवर सप्तर्षींची आकृती खळग्यांनी काढली आहे असे हैदराबाद विद्यापीठाचे के. पी. राव यांनी दाखविले, आणि ते साम्य पाहताक्षणी पटते. जुनापाणीला तसे चित्र नाही.

सीमेची खूण हा आणखी एक संभाव्य हेतू. जेथे आमचे पूर्वज पुरले आहेत ती भूमी आमची, हा दावा जगभर केला गेला आहे. विदर्भातील रिंगणे बहुधा नांगराखालच्या काळ्या जमिनीत नसून उंचवट्याच्या, खडकाळ माळावर आहेत आणि दुरून दिसतात. अर्थात काळ्या जमिनीतील रिंगणे शेतकऱ्यांनी बांधाला लावून टाकली असतील, हीही शक्यता उरतेच.

दगड आणि सीमा हा विषय आपल्या समाजाला परका नाही. गावाची शीव कोठून जाते, कोणता दगड मूळचा आणि कोणता रातोरात सरकवलेला, हे ठाऊक असणे हे वतनदार महाराचे काम होते. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. ज्याला गावाच्या आत राहू दिले जात नव्हते, त्यालाच गाव कोठे संपते हे विचारले जाई. त्या वतनातील बेगारीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, आणि १९५८ च्या कायद्याने ही वतने संपुष्टात आली. ती जायलाच हवी होती. पण त्यांच्यासोबत दगड ओळखणारी एक नजरही लोपली. आपल्या आजोबा-पणजोबांना गावच्या प्रत्येक उभ्या दगडाचा इतिहास मुखोद्गत होता. आज गावाबाहेर पडलेला दगड वीरगळ आहे, सतीशिळा आहे, शिवेचा दगड आहे की नुसताच शेंदूर फासलेला गोटा आहे, हे ओळखणारे विरळ. वीरगळावर खालून वर लढाई, स्वर्गारोहण आणि पूजा यांची चित्रे असतात; सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात असतो; कोकणाकडच्या गद्धेगाळावर दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी असते. हे सर्व मध्ययुगातील दगड आहेत आणि महापाषाणीय रिंगणांहून हजार-दीड हजार वर्षांनी तरी अलीकडचे आहेत. निफाड परिसरात एखादा उभा दगड दिसला की त्याला लगेच ‘प्रागैतिहासिक’ म्हणण्याचा मोह आवरावा.

मग आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातील त्याही आधीचे लोक मृतांचे काय करीत? याचे उत्तर नाशिक, नेवासे, संगमनेरजवळचे जोर्वे, प्रवराकाठचे दायमाबाद आणि पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील उत्खननांनी दिले आहे. विदर्भातील रिंगणांच्या आधीच्या काळात, इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही काही शतके, येथील शेतकरी आपल्या मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत. प्रौढांना खड्ड्यात पुरीत, आणि इनामगाव-नेवाशाच्या कित्येक दफनांत घोट्याखालचे पाय तोडलेले आढळतात. मृताने निघून जाऊ नये, घरातच राहावे, असा त्यामागील भाव असावा असे उत्खननकर्त्यांनी सुचविले आहे. आई आपल्या मुलाच्या कलेवरावरच्या जमिनीवर चूल पेटवीत होती, हे डोळ्यांसमोर आणले की विदर्भातील मोकळ्या माळावरची रिंगणे वेगळ्या अर्थाने दिसू लागतात. एकाने मृताला घरात धरून ठेवले, दुसऱ्याने गावाबाहेर त्याला दगडाचे स्वतंत्र आवार दिले. दोघांचीही धडपड मृताला जागा देण्याची होती.

आता त्या दाव्याकडे. स्तूपाशी या रिंगणांचे साम्य आहे, यात संशय नाही. दोन्ही गोलाकार, दोन्हींत अस्थी, दोन्हींभोवती आतले आणि बाहेरचे वेगळे करणारी कड. तथागतांच्या अस्थींचे आठ भाग होऊन त्यांवर स्तूप उभारले गेले, ही हकीकत महापरिनिब्बान सुत्तात आहे आणि थोरांच्या अस्थींवर स्तूप उभारण्याची रीत त्याआधीही होती, असे त्याच सुत्तावरून दिसते. आंध्रातील काही बौद्ध स्थळे जुन्या महापाषाणीय दफनभूमींच्या सान्निध्यात उभी राहिली, याकडे ग्रेगरी शोपेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. विदर्भातही वैनगंगेकाठी पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात भव्य स्तूपाचे अवशेष उजेडात आले. ज्या भूमीत मृतांभोवती गोल रचना करण्याची सवय शतकानुशतके रुजली होती, त्या भूमीतील लोकांना स्तूप अनोळखी वाटला नसावा, एवढे म्हणायला आधार आहे.

त्यापुढे जाऊन रिंगणांना स्तूप म्हणता येत नाही. ज्याच्यासोबत त्याचा घोडा मारून पुरला, खंजीर आणि कुऱ्हाडी ठेवल्या, त्याच्या दफनाला बौद्ध म्हणणे हे धम्माच्या दृष्टीनेही विचित्र ठरेल. शिवाय त्यांतील जुनी रिंगणे तथागतांच्या जन्मापूर्वीची आहेत. स्तूप एका महान व्यक्तीचा आणि सर्वांनी प्रदक्षिणा घालण्यासाठी. रिंगणे शेकड्यांनी, बहुधा आपापल्या कुळांची.

दुसऱ्याच्या दगडाला आपले नाव दिले म्हणजे काय होते, याचा अनुभव नाशिककरांइतका कोणाला असेल? त्रिरश्मी डोंगरातील चोवीस लेण्यांना लोक शतकानुशतके पांडवलेणी म्हणत आले. लेण्यांतील लेख त्या डोंगराला ‘तिरण्हु’ म्हणतात. गौतमी बलश्री आणि उषवदात यांनी भिक्षुसंघाला दिलेल्या दानांची नोंद त्यांत आहे. परंतु ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नव्हते, म्हणून भिंतीवर लिहिलेले असूनही ते मुके राहिले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मीचा उलगडा केल्यानंतर ते लेख बोलू लागले आणि लेणी कोणाची हे सिद्ध झाले. जुनापाणीच्या रिंगणांनाही खेड्यापाड्यांत कोणी पांडवांशी जोडले, कोणी राक्षसांशी, कोणी गवळी राजांशी. तेथे लेख नाही. त्यामुळे चुकीचे नाव पडले तर ते दुरुस्त करणारा प्रिन्सेप कधी येणार नाही. पांडवलेणी हे नाव आपल्याला खुपते, तर त्या अनामिक लोहारांच्या आणि घोडेस्वारांच्या थडग्यांवर आपण आपली पाटी लावू नये. त्यांचे वंशज आज कोण आहेत हे आपल्याला ठाऊक नाही. कदाचित आपल्यातही त्यांचे रक्त असेल. ते सिद्ध होईपर्यंत ‘अज्ञात’ हा शब्द पुरेसा आदराचा आहे.

राहिला प्रश्न संरक्षणाचा. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार आणि त्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीशिवाय करता येत नाही. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नागपूर जिल्ह्यातील अशा अनेक शिलावर्तुळांना हे संरक्षण आहे. व्यवहारात मात्र लेण्याचे रक्षण करणे सोपे आणि माळावरच्या गोट्यांचे रक्षण करणे अवघड. मुरूम काढणाऱ्या यंत्राला रिंगण दिसत नाही. भूखंड पाडणाऱ्याला तो अडथळा वाटतो, आणि शेजारच्या बांधकामाला पायाचे दगड हवे असतात. रिंगणातील एक दगड हलला तर शिक्षा होण्याजोगे काही घडले आहे, हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. शिवाय गुप्तधनाच्या आशेने खणणारे आहेतच. त्यांना मिळते ते फुटके मडके, आणि ते फेकून दिले जाते. नेमके तेच पुराव्याचे.

पुढील वेळी दीक्षाभूमीला जाताना अर्धा दिवस हाती ठेवून जुनापाणी पाहण्याची इच्छा ज्यांना होईल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. विजयादशमीच्या सुमारास पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि गवत वाढलेले असते. रिंगणे ओळखायला वेळ लागतो, पायांत बूट असलेले बरे. डिसेंबरनंतर माळ मोकळा होतो. खळगे पाहायचे तर सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर जावे, कारण भर दुपारच्या उन्हात सावली पडत नाही आणि ते दिसतच नाहीत. ते उठून दिसावेत म्हणून त्यांत खडू, हळद किंवा रंग भरू नये. शाळेची सहल असेल तर प्रत्येक मुलाला एक होकायंत्र आणि वही द्यावी, रिंगणाच्या मध्याच्या रेषेत बाहेर उभे राहून खळग्यांचा दगड कोणत्या अंशावर येतो ते लिहून घ्यायला सांगावे, आणि परत आल्यावर सर्वांचे आकडे फळ्यावर एकत्र मांडावेत.